लहान भाऊ ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायलाय, जाळं सोडताना काय काय जपायचं ते सांगा

नाथसागर_काठ

नमस्कार मंडळी. मी पैठणच्या अलीकडच्या एका गावचा, आमच्या घरी नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, मासेमारी चालते, तंगूसाची (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी सांजच्याला टाकायची अन पहाटं काढायची, एक होडी अन दोन वल्ही, एवढाच आमचा कारभार. यंदा माझा लहान भाऊ रत्नागिरीला ट्रॉलरवर, म्हणजे मागं मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटीवर, खलाशी म्हणून जायलाय. इकडचे दोन-तीन पोरं मागच्या सीझनला गेले होते, त्यांच्या ओळखीनं काम लागलं. १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की बोटी निघतात म्हणे, पण जाळ्याच्या तयारीला आधीच बोलावलंय, म्हणजे जुलैच्या शेवटाला गाडीत बसावं लागंल.

भाऊ पोहायला पक्का हाय अन फाटलेलं जाळं सांधायला त्याचा हात धरणारं आमच्यात कुणी नाही. पण लोखंडी वायर, विंच म्हणजे ती वायर गुंडाळायचं मशीन, एवढं मोठं जाळं हे त्यानं कधी पाहिलेलं नाही अन मी बी नाही. जाऊन आलेल्या पोरांना विचारलं तर म्हणतेत, जाळं सोडताना मागं उभं नाही राहायचं, बाकी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, सांगतो. एवढ्यावर पोराला पाठवायला माझं मन घेईना. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले त्यात पोरं स्लीपर घालून सुटणाऱ्या वायरीवरून उड्या मारायलेत, ते पाहून आईनं तर जेवण सोडलं होतं. मी तिला म्हणलो की नीट माहिती काढतो अन भावाला सगळं समजावूनच पाठवतो.

तर कुणी खरंच ट्रॉलरवर काम केलेलं असंल तर सांगा, जाळं पाण्यात सोडायचा क्रम काय असतो, कुठल्या वेळी कुठं उभं राहायचं, अंगावर काय घालायचं, अन नवीन पोरानं एखाद्या कामाला नाही म्हणलं तर चालतं का?

जुना_खलाशी_गंगाखेड

दादा, तुम्ही आधीच विचारायलात हे लई चांगलं केलं. पोरं बोटीवर चढल्यावर शिकतेत अन तिथं शिकवायला कुणाला टाइम नसतो, तांडेल केबिनमध्ये सुकाणूवर, अन इंजिनचा आवाज एवढा की शेजारचा ओरडला तरी कळत नाही. मी बरीच वर्षं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सुटणाऱ्या ट्रॉलरवर होतो, आता गावाकडं तळ्याचा ठेका बघतो. जेवढं आठवतंय तेवढं सगळं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी भावाला जाळं समजू द्या. ट्रॉलचं जाळं म्हणजे तोंडाला रुंद अन मागं निमुळती होत गेलेली लांब पिशवी. तोंडाच्या वरच्या दोरीला बोयरे म्हणजे तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला साखळी नाहीतर वजन, दोन्ही बाजूला पंख, अन एकदम शेवटाला थैली जिच्यात माल गोळा होतो. तोंड उघडं ठेवायला डाव्या उजव्या बाजूला एकेक बोर्ड असतो, लाकडाचा लोखंडी पट्ट्या मारलेला किंवा पूर्ण लोखंडाचा. बोट ओढायला लागली की पाण्याच्या दाबानं दोन्ही बोर्ड एकमेकांपासून लांब पळतेत अन जाळं पसरतं. बोर्डाला वायर, वायर विंचच्या ड्रमवर. बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यावर लोखंडी कमानी असतात, गॅलोज म्हणतेत त्याला, बोर्ड तिथं साखळीनं टांगलेले असतेत.

सोडायचा क्रम कायम एकच: थैली, मग जाळ्याचं अंग, मग पंख, मग पंखापासून बोर्डापर्यंतचे दोर, मग बोर्ड, शेवटी वायर. हा क्रम त्याला झोपेत बी म्हणता आला पाहिजे, कारण प्रत्येक टप्प्याला धोक्याची जागा बदलते.

जाळं सोडायच्या आधी डेकवर ते क्रमानं रचून ठेवतेत, थैली मागच्या कडेला, बोयऱ्याची दोरी एकीकडं अन साखळीची दुसरीकडं, एकमेकात न अडकता. इथं तुमच्या भावाचा हात कामाला येईल, जाळं नीट रचलं असलं तर पुढचा अर्धा ताप कमी होतो. थैलीच्या तोंडाची गाठ मारली का ते बघायचं, विंचचा ब्रेक बघायचा, वायरीचे तुटलेले तार बघायचे, शॅकलच्या, म्हणजे जोडायच्या लोखंडी कड्यांच्या, पिना बघायच्या.

मग तांडेल बोट एकदम हळू पुढं काढतो, लाटांकडं तोंड करून, सरळ. थैली पाण्यात गेली की पाणीच बाकीचं जाळं ओढून नेतं. नवीन पोरं इथंच फसतेत, जाळं अडकल्यासारखं वाटलं की पायानं ढकलायला जातेत. पायानं कधीच नाही. जाळं जाताना त्याच्यावर उभं राहायचं नाही, त्याच्या अन मागच्या कडेच्या मधी यायचं नाही, दोरीच्या वेटोळ्यात पाय टाकायचा नाही. वेटोळं दिसायला ढिलं पडलेलं असतं पण पाण्यानं ओढ घेतली की घोट्याला आवळून बसतं अन माणूस जाळ्यामागं जातो, ओरडायला बी वेळ मिळत नाही. अडकलंच तर हात वर करून तांडेलाला इशारा, बोट न्यूट्रल, मग सोडवायचं.

सगळ्यात वाईट घडी बोर्डाची. बोर्ड साखळीवर टांगलेला असतो, वायरीनं थोडा उचलून त्याचा भार साखळीवरून वायरीवर घेतेत अन साखळी काढतेत. त्या वेळी बोट हलायली असती, बोर्ड डोलायला असतो. बोर्ड अन गॅलोजच्या मधी हात घातला अन लाट आली तर बोटं राहत नाहीत. साखळी बाजूनं काढायची, आकड्यानं काढायची, अन बोर्ड झुलायला लागला तर हातानं थांबवायला जायचंच नाही, ते वजन दोन माणसाच्या हातानं थांबणारं नसतं. दोन्ही बोर्ड सोबत पाण्याला लावायचे, ते नीट उलट्या दिशेला फाकतेत का ते तांडेल बघतो, एक बी पालथा पडला तर परत वर घ्यायचे. बरोबर पसरले की मगच वायर सोडायची.

वायर सुटायली की डेकवर काम नसलेल्या माणसानं तिथं थांबायचंच नाही. विंचवाला विंचवर, बाकीचे पुढं केबिनच्या आडोशाला.

उदगीर_मत्स्य_पदवीधर

वरच्या काकांनी एकदम बरोबर सांगितलंय. मी उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकलोय, मूळचा अहमदपूरचा, त्यामुळे यामागचं कारण थोडं सांगतो म्हणजे भावाला नुसतं पाठ न राहता डोक्यात बसेल.

वायर किती सोडायची हे पाण्याच्या खोलीवर ठरतं. साधारण खोलीच्या तीन ते पाच पट, पाणी उथळ असेल तर प्रमाण जास्त लागतं आणि खोल असेल तर कमी. म्हणजे २० वाव (एक वाव साधारण सहा फूट) पाणी असेल तर दोन्ही बाजूंनी ८० ते १०० वाव वायर पाण्यात असते. वायरीवर ठराविक अंतरावर खुणा केलेल्या असतात, दोन्ही ड्रमच्या खुणा सोबत गेल्या पाहिजेत, एक बाजू जास्त सुटली तर जाळं तिरकं चालतं आणि बोटीवर ओढही एकाच बाजूला येते. कोळंबीचं जाळं ओढताना बोटीचा स्पीड २ ते ३ नॉट असतो, म्हणजे माणूस चालतो तेवढाच, म्हणून बघणाऱ्याला वाटतं किती निवांत चाललंय. पण त्या वायरीवरचा ताण टनाच्या हिशोबात मोजावा लागतो. अशी वायर किंवा तिला जोडलेला शॅकल तुटला तर तुटलेलं टोक ज्या रेषेत ताण होता त्या रेषेत मागे येतं. ती रेषा डोळ्यांनी आखायची, विंचपासून पुलीपर्यंत आणि पुलीपासून पाण्यापर्यंत, आणि त्या रेषेत किंवा वायर जिथे वळते त्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही. नायलॉनचा दोर असेल तर अजून जपायचं, कारण नायलॉन ताणला जातो आणि तुटल्यावर लोखंडी वायरीपेक्षा जोरात मागे झेपावतो.

विंचजवळ दुसरी गोष्ट. वायर परत गुंडाळताना ती ड्रमवर सारखी बसावी म्हणून बरेच जण हाताने किंवा पायाने ढकलतात. हे काम त्याला कुणी सांगितलं तर लोखंडी बार मागून घ्यायचा, हात लावायचा नाही. सैल शर्ट, गळ्यातला गमछा, करगोट्याला लोंबणाऱ्या किल्ल्या, मनगटातला जाड दोरा, हे सगळं विंचजवळ जायच्या आधी काढून ठेवायचं. गमछा तर आपल्याकडच्या पोरांच्या अंगाचाच भाग असतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

लाइफ जॅकेट घालूनच डेकवर यायचं, निदान जाळं सोडताना आणि ओढताना तरी. मागची कड बरीच खाली असते आणि तिथे कठडा नसतो किंवा काढलेला असतो.

जुना_खलाशी_गंगाखेड

लाइफ जॅकेटचं मला थोडं वेगळं म्हणायचंय सर. जे नारंगी जाड जॅकेट असतेत ते घालून जाळ्याजवळ काम केलं की त्याच्या पट्ट्या जाळ्यात गुततेत, म्हणून पोरं काढून टाकतेत. तो बी धोकाच हाय ना.

उदगीर_मत्स्य_पदवीधर

काका तुमचं खरं आहे, लोंबणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट जाळ्यात अडकतं. पण त्याला उपाय जॅकेट काढणं नाही. कामाचं अंगाला घट्ट बसणारं जॅकेट मिळतं, हवा भरणारं सुद्धा मिळतं जे कमरेला किंवा छातीला पट्ट्यासारखं बसतं. आणि जाडच असेल तर पट्ट्या आवळून उरलेली टोकं आत खोचायची. रात्री काळ्या पाण्यात पडलेला माणूस जॅकेटशिवाय बोटीवरून दिसत नाही, बोट वळून परत येईपर्यंत पोहणारा सुद्धा थकतो, त्यात मागे जाळं असेल तर बोटीला पटकन वळताही येत नाही. म्हणून पोहता येतं या भरवशावर नका सोडू.

जुना_खलाशी_गंगाखेड

हे पटलं. पट्ट्या आत खोचायच्या, मान्य. सोबत कमरेला एक धारदार सुरी म्यानात लावलेली पाहिजे, कुठल्या बी एका हातानं निघंल अशी. दोरी घोट्याला बसली तर तीच सोडवते.

नांदेडी_पोरगा

मधीच विचारतो, हे ट्रॉल आपल्या जायकवाडीत, येलदरीत काऊन नाही चालवत? एवढं मोठं पाणी हाय.

नाथसागर_काठ

भाऊ, आमच्या नाथसागराच्या तळाला शंभरावर गावं हायेत. १९७६ ला धरण झालं तेव्हा घरं, विहिरी, देवळाचे ओटे, बाभळीचे खोडं सगळं पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही ठिकाणी भिंती अजून उघड्या पडतेत. आमचं साधं तंगूसाचं जाळं तिथं अडकून फाटतं, तळाला घासत जाणारं जाळं ओढलं तर दहा पावलावर गुतंल. वरून ते पक्षी अभयारण्य हाय, तिथं इंजिनच्या बोटीनं तळ खरवडणं योग्य बी नाही.

पण यावरून एक विचारायचं राहिलं. समुद्रात बी खाली खडक असतील, बुडालेल्या बोटी असतील. तिथं जाळं अडकलं तर मग काय करतेत?

जुना_खलाशी_गंगाखेड

दादा, हाच खरा मोठा प्रश्न हाय. ट्रॉलर उलटायचं हे एक मोठं कारण हाय. जाळं खाली गुतलं की बोट एकदम थांबल्यागत होते, इंजिनचा आवाज बदलतो, वायर कडक होऊन किरकिर वाजते. त्या वेळी तांडेलानं आधी थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर, कमी करायचा. काही जण उलट जोर लावून ओढायला जातेत किंवा बोट वळवून बाजूनं झटका द्यायला बघतेत, अन तिथंच घात होतो.

उदगीर_मत्स्य_पदवीधर

काका, का घात होतो ते जोडतो. वायर बोटीच्या मागून सरळ जात असते तोवर ओढ मागे खाली असते, बोट ते झेलू शकते. बोट वळली की तीच वायर बाजूने ओढायला लागते आणि ती ओढ गॅलोजच्या उंचीवरून येते, म्हणजे बोटीला वरून धरून आडवं पाडल्यासारखं होतं. त्याच वेळी बाजूने लाट आली तर डेकवर पाणी चढतं, आणि मासे ठेवायच्या खणाचं झाकण किंवा इंजिन रूमचा दरवाजा उघडा असेल तर पाणी आत जातं. मग सावरायला वेळ उरत नाही. म्हणून बरोबर पद्धत अशी की थ्रॉटल कमी, विंचचा ब्रेक सैल करून वायर थोडी सोडायची, बोटीची मागची बाजू अडकलेल्या जागेकडे ठेवायची आणि हळूहळू वायर घेत बोट त्या जागेच्या वर न्यायची, बहुतेक वेळा जाळं उलट दिशेने सुटतं. नाही सुटलं तर जाळं सोडून द्यायचं. जाळं महाग असतं हे मान्य, पण निर्णय तांडेलाचा असला तरी त्या वेळी खलाशाचं काम एकच, झाकणं बंद करायची, डेकवरून पाणी बाहेर जायची भोकं जाळ्याने किंवा माशांनी बुजली असतील तर मोकळी करायची, आणि वायरीपासून लांब.

असाच धोका भरलेली थैली उचलताना असतो. जड माल पुलीवर उंच टांगला की बोटीचा तोल वर जातो आणि ती जास्त डोलते. थैली टांगलेली असताना तिच्याखाली कुणी जायचं नाही, गाठ सोडणारा सुद्धा बाजूने दोरी ओढतो.

माहेर_परभणी_सासर_रत्नागिरी

हे सगळं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझं माहेर परभणीचं, आमच्या घरची बोट आहे. खलाशी नेपाळचे, कर्नाटकचे, आता आपल्या मराठवाड्यातलेही येतात, आणि खरं सांगते दादा, मला आपल्याकडच्या पोरांची जास्त काळजी वाटते कारण समुद्र त्यांनी बघितलेला नसतो आणि लाजून विचारत नाहीत. नदीच्या, धरणाच्या पाण्यावर चांगला हात असणारा पोरगा सुद्धा पहिल्या दिवसांत उलट्या करून गळून जातो. अशा अवस्थेत त्याला विंचवर किंवा मागच्या कडेला उभं करू नये, आमच्याकडे नवीन मुलाला आधी मासे निवडायला आणि बर्फाला लावतात, जाळं सोडताना तो फक्त बघतो. तुमच्या भावाने जायच्या आधीच मालकाला आणि तांडेलाला विचारायचं, पहिल्या फेरीला मला बघू द्याल ना? चांगला तांडेल कधी नाही म्हणणार नाही. जो यावर चिडेल त्याची बोट सोडून दुसरी बघा, ऑगस्टमध्ये इथे माणसं हवीच असतात.

तुम्ही विचारलंय नवीन पोराने नाही म्हटलं तर चालतं का. चालतं. थांब म्हणायचा हक्क डेकवरच्या प्रत्येकाला असला पाहिजे, सगळ्यात नवीन पोराला सुद्धा. आमच्याकडे दोन्ही हात डोक्यावर आडवे केले की विंच बंद, कुणी केले ते नंतर विचारायचं. प्रत्येक बोटीचे इशारे वेगळे असतात, म्हणून धक्क्यावर बोट बांधलेली असतानाच ते विचारून पाठ करायचे.

झोपेचं कुणी लिहिलं नाही ते मी लिहिते. एक ओढ दोन-तीन तासांची, मग जाळं वर, माल निवडायचा, परत जाळं सोडायचं, रात्रंदिवस हेच. चार-पाच दिवसांच्या फेरीत पोरं तुकड्या तुकड्यात झोपतात. पहाटेच्या ओढीला डोळे मिटत असतात आणि त्याच वेळी बोर्ड सुटत असतात. पाळी ठरलेली आहे का हे पण विचारा.

आणि मासे ठेवायच्या खणात बरेच दिवस बंद राहिलेला सडका माल किंवा घाण पाणी असेल तर एकट्याने आत उतरायचं नाही. विषारी वायू साठतो, वास येऊन नाक मरतं आणि माणूस तिथेच पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. झाकण उघडून हवा खेळू द्यायची, वर माणूस ठेवायचा.

उदगीर_मत्स्य_पदवीधर

ताई, खणाचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं.

कागदांचं पण सांगतो. मच्छीमाराचं ओळखपत्र सोबत हवंच, समुद्रात कोस्ट गार्ड बोट थांबवून तपासतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व असेल तर अडीच लाख, दवाखान्यात भरती झाल्यास २५ हजारांपर्यंत. भाऊ तुमच्या इथल्या मच्छीमार संस्थेचा सभासद असेल तर जायच्या आधी त्याचं नाव त्यात आहे का ते संस्थेत जाऊन बघा. कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर १५५४, आणि बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६. रेडिओ कसा धरायचा, कुठलं बटण दाबून बोलायचं हे त्याने पहिल्याच दिवशी तांडेलाकडून शिकून घ्यावं, कारण गरज पडेल तेव्हा तांडेलच पाण्यात असू शकतो.

आणि त्याला हे काम पुढे करायचं असेल तर मत्स्य विभागाच्या प्रशिक्षण केंद्रात सागरी मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनचा सहा महिन्यांचा कोर्स असतो, पोहता येणं ही त्याची अट आहे, ती तर त्याची पूर्ण होतेच. एखाद-दुसरा सीझन केला की तिकडे अर्ज करायला सांगा.

नाथसागर_काठ

तुम्हा सगळ्यांचे लई आभार. काल रात्री हे सगळं भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं, आई बी बसली होती. थैली, अंग, पंख, दोर, बोर्ड, वायर हा क्रम त्याचा पाठ झाला. अंगणात आमचंच जुनं जाळं टाकून कडेची जागा कुठली, वायरीची रेषा कुठली हे आखून बी बघितलं. मालकाला फोन केला, पहिल्या फेरीला बघू द्या म्हणलो, ते हो म्हणले.

त्याचा एकच प्रश्न राहिला. हातमोजे घालायचे का नाही? गेलेल्या पोरांपैकी एक म्हणतो घाल, एक म्हणतो नको.

जुना_खलाशी_गंगाखेड

दोन्ही खरं हाय, काम बघून. वायर तपासायची, शॅकल लावायचं, मासे निवडायचे तेव्हा घालायचे. वायरीचे तुटलेले तार सुईगत घुसतेत अन मासे निवडताना शिंगाळ्याचा काटा लागला तर हात सुजून जातो. पण विंच फिरायला लागलं की काढायचे, मोज्याचं टोक ड्रमवर गेलं तर हात सोबत जातो. मोजे ढिले नको, मनगटाला बसणारे घ्या, अन दोन जोड द्या सोबत, खाऱ्या पाण्यानं लवकर कडक होतेत. रत्नागिरीत जेटीजवळच्या दुकानात मिळतेत, इथून घेऊन जायची गरज नाही.

माहेर_परभणी_सासर_रत्नागिरी

गमबूट पण इथेच घ्यायला सांगा दादा, एक नंबर मोठे, म्हणजे पाण्यात पडला तर झटकन पायातून निघतात. आणि पोचला की आईला फोन करायला सांगा, बोट किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज जाते हे तिला आधीच सांगून ठेवा.